कोठाराच्या भिंतीवरचे डोळे

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रंग दुकानात मिळत नसत. लाल हवा असेल तर टेकडीवर जाऊन गेरू उकरावा लागे, काळा हवा असेल तर दिव्याची काजळी धरावी लागे, आणि केशरी हवा असेल तर पळस फुलेपर्यंत गप्प बसावं लागे.

त्या काळी एका राज्याच्या अगदी टोकाला एक गाव होतं. गाव लहान, पण ऐट मोठी. कारण या गावातली सगळी पोरं चित्रं काढत. त्यांना शिकवायला गावात एक चितारी होता. तरुणपणी त्याने देवळांच्या भिंती रंगवल्या होत्या. केस पिकल्यावर तो धर्मशाळेच्या पडवीत बसून लहान मुलांना चित्रं शिकवू लागला. सगळे त्याला गुरुजी म्हणत. त्याला बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. सकाळी पडवी भरली की त्याचं घर भरायचं, आणि दुपारी मुलं जेवायला गेली की रिकामं व्हायचं.

माणूस कष्टाळू होता. मुलांना मारत नसे, रागावतही नसे. फक्त त्याचा एक नियम होता, आणि तो दगडावरची रेघ होता. चित्रातला डोळा मुलांनी रेखायचा नाही.

मुलांनी गाय काढावी, मोर काढावा, वाघ काढावा. अंग, पाय, शेपूट, शिंगं, सगळं काढावं. मग पाटी घेऊन रांगेत उभं राहावं. चितारी खारीच्या केसांचा बारीक कुंचला काजळीत बुडवी आणि प्रत्येकाच्या चित्रात आपल्या हाताने डोळा रेखी. लांबट डोळा, मधोमध काळी बाहुली आणि टोकाला ओढलेली एक नाजूक रेघ. एका दमात, हात न उचलता.

"डोळा आला की चित्रात जीव येतो," तो म्हणे. "आणि जीव घालणं हे पोरांचं काम नाही."

खरं सांगायचं तर तो डोळा होताही सुंदर. त्यामुळे गायीलाही तोच, मोरालाही तोच आणि वाघालाही तोच. गावकरी तोंडात बोट घालत आणि म्हणत, "आमच्या एवढ्याशा पोरीने बघा कसा मोर काढलाय!" डोळा कुणी काढला हे पोरीला विचारावं असं कुणाला वाटलं नाही.

अशी पुष्कळ वर्षं गेली. गाव वाढलं, पोरं वाढली, पडवी पुरेना. तेव्हा गावचा पाटील चिताऱ्याकडे आला.

"गुरुजी, तुमच्यावर फार भार पडतोय. निम्मी मुलं नदीकाठच्या रंगारणीकडे पाठवू का? तिच्याकडे अंगण मोठं आहे."

रंगारीण म्हणजे कापड रंगवणारी बाई. नवरा गेल्यापासून एकटीच भट्टी चालवायची. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि बोलणं मोकळं होतं.

"ती?" चितारी हसला. "तिला चित्रातलं काय कळतं? लुगड्यांचे काठ रंगवते ती."

"लहान पोरंच आहेत हो. गुंतून राहतील एवढंच."

चिताऱ्याने मान हलवली. मनात म्हणाला, जाऊ देत. आठ दिवसांत रडत परत येतील.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, कोणी रडत आलं नाही. उलट नदीकडून हसण्याचे आवाज येऊ लागले. चिताऱ्याच्या पडवीत सगळं शांत असायचं, शिस्तीत असायचं. त्या शांततेत ते हसू स्वच्छ ऐकू यायचं. चितारी मुलांना सांगे, "लक्ष पाटीवर ठेवा." आणि स्वतःचा कान मात्र नदीकडे ठेवी.

मग मत्सराने त्याच्या पोटात घर केलं. पहिल्यांदा त्यालाच कळलं नाही. त्याला वाटलं, हल्ली जेवण पचत नाही.

एका सकाळी तो फिरायला म्हणून निघाला आणि पाय नेमके नदीकडे वळले. रंगारणीच्या अंगणाला निवडुंगाचं कुंपण होतं. त्याआड उभा राहून तो बघू लागला.

अंगणात जुनं धोतर पसरलं होतं. मुलं भेंडी मधोमध कापून रंगात बुडवत आणि धोतरावर ठसे उठवत. एका ठशाचं फूल होई, सात ठशांची माळ होई. एकाने पिंपळाचं पान उमटवलं होतं, दुसऱ्याने स्वतःचा तळपाय. आणि धोतराच्या टोकाला गोजी नावाची एक पोर पालथी पडून म्हैस काढत होती. तिची म्हैस पाच पायांची होती.

"पाच का गं?" रंगारणीने विचारलं.

"पळतेय ना, मावशी. पळताना असेच दिसतात."

रंगारणीने वाकून नीट बघितलं आणि म्हणाली, "खरंच की."

मग गोजीने म्हशीला डोळा काढला. स्वतःच्या हाताने! वाटोळा, वाकडा, कानाच्या जवळ गेलेला. चिताऱ्याच्या अंगावर काटा आला. त्याला राहवलं नाही. तो कुंपणाआडून पुढे आला.

"बाई, तुम्ही पोरांना डोळे रेखू देता?"

"या गुरुजी, बसा," रंगारीण म्हणाली. "मग कोण रेखणार?"

"तुम्ही. नाहीतर मी आहे."

"पण म्हैस तिची आहे, गुरुजी."

"चित्र बिघडतं!"

"बिघडू दे की. उद्या दुसरं काढील. धोतर जुनंच आहे."

मुलं हसली. चिताऱ्याला वाटलं, ती आपल्यालाच हसली. तो तरातरा परत निघाला. वाटेत स्वतःशी म्हणत होता, पाच पायांची म्हैस! राज्यभर हसं होईल. पण खरी गोष्ट तुम्हाला सांगतो, त्याला पाच पाय खुपले नव्हते. गोजीने चित्र संपल्यावर ते कुणालाच दाखवलं नाही, नुसतं आपणच बघत बसली, ते त्याला खुपलं होतं. त्याच्या पडवीतलं कोणतंही मूल आपल्या चित्राकडे असं बघत नसे. डोळा रेखून झाला की पाटी भिंतीला टेकवायची आणि घरी पळायचं.

त्यानंतर त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कुणी रंगारणीचं नाव काढलं की तो विषय बदले, आणि कुणी नाही काढलं की आपणच काढी. "नदीवर काय चाललंय म्हणे?" असं सहज विचारी, आणि उत्तर ऐकून अंगाचा तिळपापड करून घेई.

अशात राजधानीहून निरोप आला. नवान्नाच्या सणाला राणीसाहेब गावात येणार होत्या. या गावात सणाआधी धान्याच्या कोठाराची लांबलचक भिंत पांढरी करून मुलांकडून रंगवून घ्यायची चाल होती. पाटलाने भिंतीचे दोन भाग केले. डावा भाग चिताऱ्याच्या मुलांना, उजवा रंगारणीच्या मुलांना.

"आणि एक आहे," पाटील जरा चाचरत म्हणाला. "दोन ठिकाणी शाळा गावाला जड जाते. राणीसाहेबांना ज्यांचा भाग आवडेल, त्यांच्याकडे सगळी मुलं जातील."

चितारी पडवीत येऊन चटया मोजू लागला. सगळी मुलं! म्हणजे पडवी एकतर ओसंडून वाहणार, नाहीतर कायमची रिकामी होणार.

रंगारणीने आपल्या भागाचा चुना ओला असतानाच मुलांना कामाला लावलं. कापड रंगवणाऱ्या बाईला एवढं ठाऊक होतं, की ओलं असताना पाजलेला रंग आतपर्यंत मुरतो. चितारी मात्र भिंत सुकू देऊन, रंगात रात्रभर भिजवलेला डिंक घालून, आपल्या जुन्या रीतीने काम करून घेत होता. त्याच्या भागावर चाळीस गायी, मोर आणि हत्ती एका रांगेत उभे राहिले. चाळीस डोळे त्याने एका संध्याकाळी रेखले. काम देखणं झालं होतं, यात शंका नाही.

सणाच्या आदल्या दिवशी सगळं गाव राणीसाहेबांचा रस्ता झाडायला वेशीबाहेर गेलं. "माझी पाठ धरली आहे," म्हणून चितारी मागे राहिला. दुपारचं ऊन रणरणत होतं. कोठाराजवळ चिटपाखरू नव्हतं. तो उजव्या भागासमोर जाऊन उभा राहिला.

काय नव्हतं तिथे! गोजीची म्हैस पळत होती. म्हाळू नावाच्या मुलाचा कावळा झाडावर झोपला होता, त्याचा डोळा म्हणजे नुसती एक आडवी रेघ. कुणाची शेळी वाघाकडे बघत होती आणि भीतीने तिचे डोळे तोंडापेक्षा मोठे झाले होते. एका घरापेक्षा त्यातला बाप उंच होता. चितारी बराच वेळ बघत राहिला. नाक मुरडायला आला होता, पण नाक मुरडलं जाईना. त्या शेळीकडे बघून त्यालाच क्षणभर वाघाची भीती वाटली. आणि तेवढ्यात पोटातला तो जुना जाळ उसळून वर आला. हे त्या बाईला कसं जमलं? देवळं रंगवली मी! कुंचला मी धरला, आणि जीव तिच्या भिंतीवर?

त्याने सगळ्या चित्रांवर काळं फासलं असतं, तर निदान दुष्टपणा सरळ झाला असता. पण मत्सर असा सरळ नसतो, तो सोज्वळ कपडे घालून येतो. चितारी मनाशी म्हणाला, उद्या राणीसाहेबांसमोर पोरांची फजिती व्हायला नको. आपण जरा सुधारून देऊ. मोठ्या माणसाचं कामच आहे ते.

त्याने वाटीत पांढरी माती कालवली आणि एकेका डोळ्यावर ती फासली. वाटोळे, वाकडे, भेदरलेले, मिटलेले, सगळे डोळे झाकले. उन्हात माती लगेच सुकली. मग त्याने खारीच्या केसांचा कुंचला काढला. डिंक भिजवलेला नव्हता आणि थांबायला वेळ नव्हता, म्हणून काजळी नुसत्या पाण्यातच घेतली. एका दमात, हात न उचलता, त्याने प्रत्येक चित्रात डोळा रेखला. लांबट, मधोमध बाहुली, टोकाला नाजूक रेघ.

झोपलेल्या कावळ्यापाशी मात्र हात थबकला. झोपलेल्याला उघडा डोळा कसा रेखायचा? पण लांबून माणसांचे आवाज येऊ लागले होते. त्याने कावळा जागा केला आणि घरी गेला. आता दोन्हीकडे माझाच हात दिसेल, असं म्हणून त्या दिवशी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले, आंब्याची तोरणं लागली, राणीसाहेब आल्या. बाई वयस्कर होत्या आणि डोळ्यांनी जरा अधू. त्या भिंतीच्या अगदी जवळ गेल्या.

"फार देखणं काम आहे," डावीकडे बघून त्या म्हणाल्या. चितारी ताठ झाला. मग त्या उजवीकडे सरकल्या आणि डोळे बारीक करून बघू लागल्या. "हेही त्याच शाळेचं का? डोळे तर तेच दिसतात."

रंगारणीने भिंतीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. ती मुलांकडे बघत राहिली.

"मला काही चित्रातलं कळत नाही," राणीसाहेब म्हणाल्या. "मुलांनो, तुम्हीच माझा हात धरा आणि आपापलं चित्र दाखवा बघू."

पहिल्यांदा चिताऱ्याची मुलं पुढे आली. पण ती भिंतीसमोर येऊन घुटमळली. दोघांनी एकाच मोरावर हात ठेवला आणि भांडायला लागली. एकाने तीन हत्ती बदलले. चिताऱ्याची सगळ्यात हुशार मुलगी ठकू, आठ वर्षांची, तीन वर्षं त्याच्याकडे शिकत होती. तीही दोन गायींच्या मधे उभी राहिली.

"यातली एक आहे," ती म्हणाली. "दोन्ही सारख्याच आहेत."

मग गोजी आली. तिने राणीसाहेबांचा हात धरून त्यांना धावतच म्हशीपाशी नेलं, आणि ती थांबली.

"ही माझी नाही."

"अगं, पाच पाय कुणाचे असतील दुसऱ्याचे?" पाटील दटावून म्हणाला.

"पाय माझे आहेत. डोळा माझा नाही." गोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या म्हशीचं रेडकू हरवलंय. ती त्याला शोधत पळतेय. ही कुठे शोधतेय? ही नुसती बघतेय."

"माझा कावळा झोपला होता!" मागून म्हाळू ओरडला. "त्याला कुणी उठवलं?"

एकच गलका झाला. आणि त्या गलक्यात ठकू पुढे आली, तिने म्हशीचा डोळा जवळून बघितला आणि आनंदाने टाळ्या पिटल्या.

"अय्या, हा तर आमच्या गुरुजींचा डोळा! सगळीकडे आमच्या गुरुजींचाच डोळा आहे!"

पोरीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तिला गुरुजींचा अभिमान वाटला होता, एवढंच. पण गावाला सगळं उमगलं. कुणी चोर शोधला नाही. शोधायचं काय होतं? चोराने भिंतभर सह्या करून ठेवल्या होत्या. सगळ्यांच्या माना हळूहळू चिताऱ्याकडे वळल्या, आणि भिंतीवरचे ते सगळे लांबट डोळेही त्याच्याचकडे बघतायत असं त्याला वाटलं.

रंगारणीने कमरेचं फडकं काढलं, पाण्याच्या घंगाळात बुडवलं आणि गोजीच्या हातात दिलं. "पूस," ती म्हणाली.

गोजीने डोळा पुसला. पाण्यातली काजळी ओघळली, पांढरी माती विरघळली, आणि खालून तिचा वाटोळा, वाकडा, कानाजवळचा डोळा जसाच्या तसा वर आला. ओल्या चुन्यात मुरलेला रंग होता तो. मग सगळीच पोरं फडकी घेऊन धावली. शेळी पुन्हा भ्यायली. कावळा पुन्हा झोपला. राणीसाहेब एकेका चित्रापुढे उभ्या राहून हसत होत्या, आणि म्हशीपुढे हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

निर्णय सांगायची गरज उरली नव्हती, पण राणीसाहेबांनी तो सांगितला. "मुलं त्या बाईंकडे जातील. जिथे मुलाला आपलं चित्र ओळखता येतं, ती शाळा." चिताऱ्याला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

पडवी रिकामी झाली. चितारी सकाळी सवयीने चटया अंथरी आणि दुपारी गुंडाळून ठेवी. नदीकडून हसणं ऐकू येई, आता दुप्पट.

एके दिवशी पायरीवर ठकू दिसली. तिच्या हातात पाटी होती, पाटीवर गाय होती. गायीला डोळा नव्हता.

"गुरुजी, डोळा काढून द्या ना."

"मावशींकडे नाही गेलीस?"

"जाते की. मावशी म्हणतात, तूच रेख. पण मला येत नाही." ती खाली बघत म्हणाली. "तुम्ही कधी शिकवलाच नाहीत."

चिताऱ्याला हे राणीसाहेबांच्या मौनापेक्षा जोरात लागलं. तीन वर्षं ही पोर आपल्यासमोर बसली. शिंगं शिकली, खूर शिकली, शेपटीचा गोंडा शिकली. आणि ज्याने जीव येतो म्हणून आपण सांगत होतो, तेवढंच आपण स्वतःपाशी ठेवलं. त्याला रंगारणीचा हेवा वाटला होता, पण तिच्याआधी कितीतरी वर्षं तो या चिमुरड्यांचाच हेवा करत आला होता.

त्याने खारीच्या केसांचा कुंचला काढला, काजळीत बुडवला आणि ठकूच्या हातात दिला.

"बिघडला तर?" ठकूने विचारलं.

"बिघडू दे की," चितारी म्हणाला. शब्द रंगारणीचे होते. "गाय तुझी आहे."

ठकूने जीभ बाहेर काढून, श्वास धरून एक ठिपका दिला. तो फार वर गेला. चिताऱ्याचा हात शिवशिवला. एकच रेघ, एवढीशी रेघ ओढली असती तर डोळा कसा सुरेख झाला असता! त्याने तो उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिला.

ठकूने पाटी लांब धरली, तिरपी करून बघितली. तिने ती भिंतीला टेकवली नाही. घरीही पळाली नाही. पायरीवर बसून ती आपल्या गायीकडे बघत राहिली, आणि गाय, तो वर गेलेला डोळा घेऊन, हसू दाबल्यासारखी तिच्याकडे बघत होती.

असा डोळा मला जन्मात सुचला नसता, चिताऱ्याच्या मनात आलं. ओळखीची कळ पोटात उठली. तो ती सोसत बसला आणि हात त्याने मांडीखालून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ठकू आणखी तिघांना घेऊन आली. त्यांनाही डोळा येत नव्हता.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या चित्रात आपला हात दिसावा ही हाव म्हणजे मत्सर, आणि आपला हात आवरून त्याचा हात चालू देणं म्हणजे शिकवणं.